ओव्हनवरचा आळ

सुचिताने ओव्हनचं बटण फिरवलं की दारामागच्या पेटीतला मोठा खटका टक्कन खाली पडायचा आणि अख्ख्या घराची लाइट जायची. ईएलसीबी म्हणतात तो खटका. वीज भलतीकडे वाहायला लागली तर माणसाला शॉक बसायच्या आत सगळं बंद करणारा. काम चांगलंच त्याचं. पण तो रोज उठून तेच करायला लागला आणि केकचं पीठ भांड्यात बसून राहायला लागलं, तर त्याचं कौतुक कोण करणार?

आणि इथे नुसत्या केकचा प्रश्न नव्हता. महाप्याच्या कॉल सेंटरमधली नोकरी सोडून सुचिताने हा ओव्हन घेतला होता. उलव्यात नवी नवी कुटुंबं राहायला येत होती, वाढदिवसांना तोटा नव्हता, बघता बघता तिचं नाव झालं. मग श्रावण लागला. घरात अंडं शिजत नाही, म्हणून ओव्हन झाकून ठेवला. गणपती गेले, कापड काढलं, आणि हे नाटक सुरू झालं.

सासरे धर्मराज, म्हणजे घरातले आबा, यांनी निकाल देऊन टाकला. "यो पेटारा घर जालंल एक दिस. रविवारी टेम्पो बोलव, देऊन टाक परत." अर्धं आयुष्य त्यांनी खाडीत मचवा चालवलेला, त्यांच्या शब्दापुढे घरात कोणी जात नसे. नवरा कुंदन तर त्यांच्याही वरताण. "टेन्शन कशाला घेतेस? महाप्याला परत घेतील की तुला," म्हणाला. सुचिताला असा राग आला की विचारू नका. बायकोने एवढं उभं केलेलं, आणि हा बाबा किडकी भाजी परत करावी तसं बोलतोय.

सोसायटीचा इलेक्ट्रिशियन बाबासो येऊन गेला होता. "ओव्हनमध्येच लीकेज असणार," म्हणाला, आणि वर, "डायरेक्ट करून देऊ का? तो खटका मधून काढतो, मग पडायचा प्रश्नच नाही."

"ओल्या हातांनी काम करते मी," सुचिता म्हणाली. "खटका पडणार नाही, मीच पडेन."

मग ओव्हन दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथे तो शहाण्या बाळासारखा चालला. घरी आणला, लावला, टक्.

शनिवारी दुपारी कुंदन कामावर आणि आबा झोपलेले, तेव्हा सुचिता कंबर कसून उठली. दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता आणि त्याच दिवशी शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा केक द्यायचा होता. तिने शेजारच्या उज्वलाकडून इस्त्री मागून आणली आणि ओव्हनच्याच पॉइंटला लावली. टक्. बेडरूममध्ये लावली. तिथेही टक्. आता मात्र तिला गंमत वाटायला लागली. या इस्त्रीने काय पाप केलं होतं? उज्वलाकडे तर ती गुण्यागोविंदाने चालत होती. म्हणजे ओव्हन निर्दोष. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं चाललं होतं की घरात.

मग चोर कोण?

कॉल सेंटरमध्ये चिडलेल्या माणसाला ती पहिल्यांदा एवढंच विचारायची, सर, हे कधीपासून होतंय आणि त्याआधी काय बदललं? तोच प्रश्न तिने स्वतःला विचारला. कधीपासून? गणपती गेल्यापासून. त्याआधी काय बदललं? काहीच नाही. पण थांब, गणपतीपासूनच कशावरून? श्रावणात ओव्हन लावलाच कुठे होता? गिझर गॅसचा, कपडे इस्त्रीला खाली दुकानात. जास्त वीज ओढणारं घरात दुसरं काही नव्हतंच. खोट श्रावणातच झाली असती तरी कळणार कोणाला? आणि श्रावणात झालं काय होतं, तर मासळी बंद म्हणून कंटाळलेल्या आबांनी गॅलरीत कंदील टांगला होता. मचवा विकला तेव्हा त्यांनी ठेवून घेतलेला पितळी कंदील, आत होल्डर बसवून बल्ब लावलेला. तिन्हीसांजेला त्याचं बटण तेच दाबायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

पण दिवसा तर तो बंद असतो. बंद दिवा खटका कसा पाडेल? या प्रश्नाने तिला बसवेना. तिने बाबासोला फोन लावला.

"बटण फक्त येणारी वीज तोडतं, ताई," बाबासो म्हणाला. "परत जाणारी काळी वायर जोडलेलीच राहते. ती जर अर्थिंगच्या हिरव्या वायरला कुठे लागली असेल ना..." बोलता बोलता तोच थांबला. "अरेच्चा. मग ओव्हन लावा नाहीतर इस्त्री, परतीची थोडी वीज हिरवीतून पळणार. गेली तेवढी परत आली नाही की पडला खटका. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मेन बंद करूनच बघा हं."

तिने मेन बंद केला, गॅलरीत स्टूल मांडलं आणि कंदिलाच्या वरची टोपी सोडवली. काळी आणि हिरवी वायर एकमेकींना पीळ देऊन बांधली होती. वर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर नायलॉनचा दोरा, जाळं विणतात तसल्या गाठीने आवळलेला. ती गाठ या घरात एकाच माणसाला येत होती.

"काय करतंस गो वर?" आबा दारात उभे होते.

"आबा, ही हिरवी वायर काळीला का बांधली?"

"मंग? आपले जुने घरान दोनच वायरी व्हत्या. ही तिसरी सुटी लोंबत व्हती. मचव्यावर सुटा दोर कोन ठेवतं? टाकली बांधून."

अभिमानानेच सांगितलं त्यांनी. सुचिताने बाबासोचं बोलणं जमेल तसं समजावलं. आबा हनुवटी खाजवत ऐकत होते.

"यो दिवा बंद असताना पन?"

"बंद असताना पण."

"उतर खाली. ती गाठ तुला सुटाची नय."

ते स्वतः स्टुलावर चढले. बोटांनीच गाठ सोडवली, वायरी वेगळ्या केल्या. सुचिता बाबासोला फोनवर विचारून खालून सांगत होती. त्याप्रमाणे काळीवर नवी चिकटपट्टी गुंडाळली आणि हिरवी कंदिलाच्या पितळेला स्क्रूने पक्की केली. मग मेन चालू करून तिने ओव्हन लावला आणि दोघं पेटीसमोर जाऊन उभे राहिले. खटका जागचा हलला नाही. आबांनी जाऊन इस्त्रीही लावली. तरी हलला नाही. मग ते गॅलरीत जाऊन बसले.

सुचिताला जिंकल्याचा आनंद झाला आणि लगेच जिवाला लागलंही. कुंदनच्या तोंडात तीळ भिजत नाही. आबांची फजिती तो बिल्डिंगभर करणार.

रात्री जेवताना कुंदनने विचारलं, "टेम्पोवाल्याला किती वाजता बोलावू?"

"बोलावू नकोस. ओव्हन चांगला आहे," सुचिता म्हणाली. "कंदिलात कुठेतरी जोड ढिला होता, एवढंच."

"ढिला नव्हता," आबा ताटातून मान वर न करता म्हणाले. "घट्ट व्हता. मी बांधलेला."

"म्हणजे?" कुंदनने विचारलं.

"चुकीचा बांधलेला," आबा म्हणाले. "ओव्हनला नय ते बोललो मी. आनि हिला पन." मग ते सुचिताकडे वळले. "तुजा केक हाय ना उद्या? जा, लाग कामाला. भांडी कुंदन घासंल."