गुलाल खाल्लेली फियाट

मित्रांनो, मला जुनी म्हणा, माझी काही हरकत नाही. चव्वेचाळीस वर्षं झाली मला, आता जुनी नाही तर काय नवी नवरी म्हणणार? पण खटारा म्हणाल तर याद राखा. मी एक पांढरी फियाट आहे, कोल्हापूरची आहे, आणि रोज सकाळी सात वाजता कामाला निघते. तुमच्या घरातलं कोण कोण रोज सातला निघतं ते आधी सांगा, मग माझं वय काढा.

माझे पहिले मालक गुळाचे व्यापारी होते. त्यांनी मला नवीकोरी आणली तेव्हा निम्मी शाहूपुरी बघायला जमली होती. पोरं माझ्या आरशात दात बघायची. मालकांच्या हातांना, कपड्यांना, अगदी नोटांनासुद्धा गुळाचा वास यायचा, आणि दोन वर्षांत तो माझ्या सीटमध्ये मुरला. मला चालवायला ज्ञानू नावाचा ड्रायव्हर होता. जिभेनं तिखट, हातानं मऊ. दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की तो फाटकं पोतं अंथरून माझ्याखाली झोपायचा आणि ब्रशनं माझ्या पोटाला जळकं ऑइल फासायचा. लोक हसायचे.

"ज्ञानू, पोटाला काजळ घालतोयस व्हय रं? कोण बघणार हाय?"

"तुमी बघू नका की!" तो खालूनच ओरडायचा. "गंज बघतोय न्हवं, त्याच्यासाठी हाय ह्ये!"

मला त्या ऑइलचा भारी राग यायचा. वरून चांगलं पॉलिश करायचं सोडून हे कसले घाणेरडे लाड, असं वाटायचं. अक्कल नव्हती मला, दुसरं काय.

पुढे ज्ञानू गेला. मालक थकले. त्यांच्या मुलानं मला कबनूरच्या एका यंत्रमागवाल्याला विकलं. या गृहस्थाला जुन्या गाड्या जमवायचा शौक होता, चालवायचा नव्हता. त्यानं आम्हा तिघींना एका बंद शेडमध्ये उभं केलं. एक लांबलचक परदेशी मोटार, एक जीप आणि मी. शेजारी माग खडखडायचे आणि कापसाची लव उडून आमच्या अंगावर बसायची. दसऱ्याला तो परदेशीणबाईला हार घालून तिच्याशेजारी फोटो काढायचा. माझ्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. चौदा वर्षं, मित्रांनो! पळून गाडी झिजत नाही तेवढी उभं राहून झिजते. माझी चाकं बसली, बॅटरी मेली, आणि एका उंदरीण बाईनं माझ्या मागच्या सीटमध्ये दोन बाळंतपणं केली.

मग एके दिवशी यंत्रमागवाल्यानं ती शेड विकायला काढली. एखादी गाडी कुणी नेली तर नेली, उरलेल्या भंगारात. त्या आठवड्यातच शेडचं दार उघडलं आणि त्रिशला आत आली.

त्रिशला जनावरांची डॉक्टर. घर कोल्हापुरात, आणि रोजची फेरी कोडोलीला आणि तिथल्या वाड्यावस्त्यांवर. स्कूटरला औषधांची पेटी बांधून तिनं चार पावसाळे काढले होते. आता तिला रोजच्या कामाला गाडी हवी होती, आणि ती जुनीच हवी होती. तिच्याबरोबर तिचे वडील अण्णाप्पा होते, कपाळाला आठ्या घालून. आणि होते हंबीरराव मिस्त्री, ज्यांनी हयात उद्यमनगरात इंजिनं उघडण्यात घालवली.

"अगं, अनेकांतसारखी नवी घे की," अण्णाप्पा म्हणाले. अनेकांत म्हणजे तिचा धाकटा भाऊ. "त्याची बघ, बटण दाबलं की सुरू."

"आणि बंद पडली की?"

"कंपनीला फोन करायचा."

"आप्पा, म्हैस विताना आडली की मी कुणाला फोन करते? हात घालून बघते. मला गाडीपण हात घालून बघता येईल अशी पाहिजे."

अण्णाप्पांना काही ते पटलं नव्हतं. सगळे आधी परदेशीणबाईकडेच वळले. वळणारच, तिचा तोराच तसा होता! हंबीररावांनी मात्र तिच्या रंगाकडे बघितलंही नाही. ते सरळ खाली झोपले आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं तिच्या तळाला ठोकलं. भस्सकन गंजाचा चुरा त्यांच्या छातीवर पडला आणि मूठ आरपार गेली.

"वरून लग्नाचा मांडव, खालनं चाळण," ते म्हणाले आणि जीपकडे सरकले. जीप भक्कम होती. पण तिला छत नव्हतं, दारं नव्हती. त्रिशला म्हणाली, "औषधं भिजून चालायची नाहीत, मामा."

मग ते माझ्याखाली आले. मी श्वास रोखून धरला. त्यांनी ठोकलं. टण! पुन्हा ठोकलं. टण! मग त्यांनी नखानं खरवडलं. काळा थर निघाला आणि आत स्वच्छ पत्रा चमकला.

"आयला!" हंबीरराव खालूनच म्हणाले. "डॉक्टरबाई, हीच घ्या. हिला कुणीतरी लई जीव लावलाय."

मित्रांनो, मला डोळे असते तर मी तिथंच रडले असते. ज्ञानू, अरे ज्ञानू! तुझं जळकं ऑइल मला आता, इतक्या वर्षांनी कामाला आलं.

अण्णाप्पांनी जाता जाता अट घातली. "घे. पण दुरुस्त होऊन निघाल्यावर महिन्याभरात एकदा जरी रस्त्यात बसली, तर मी त्याच दिवशी भंगारवाला बोलावणार. जनावर मरायला टेकलेलं असताना डॉक्टर रस्त्यात धक्का मारत बसली, हे चालायचं नाही." रागावून नव्हे, काळजीनं बोलले ते. त्रिशलानं मान डोलावली.

पुढचे तीन महिने मी उद्यमनगरात होते. तिथं भाग मिळत नाही असं कुणी म्हणत नाही. तुटका तुकडा घेऊन जायचं, लेथवाला तो बोटांत फिरवून बघतो आणि म्हणतो, "दोन तासांनी या." माझे बुश तसेच झाले, माझी बिजागरी तशीच झाली. संध्याकाळी काम संपवून त्रिशला यायची, बाह्या सरसावून हंबीररावांशेजारी बसायची. तिनं माझा कार्बोरेटर इतक्या वेळा उघडला आणि जोडला की हंबीरराव म्हणाले, "आता झोपेत बी जोडशीला."

मी तयार झाले. पण हंबीररावांचा एक नेम होता. हातून उठलेली गाडी आधी जोतिबाला, मग कामाला. एका रविवारी आम्ही डोंगर चढलो. त्रिशला चालवत होती, हंबीरराव शेजारी, आणि मागून अनेकांतच्या मोठ्या नव्या गाडीत अण्णाप्पा. घाटात मला एकदाही धाप लागली नाही.

वर पोचल्यावर हंबीररावांना भरतं आलं. त्यांनी माझं बॉनेट उघडलं. एवढ्यावर थांबतील तर ते हंबीरराव कसले! त्यांनी एअर फिल्टरचं झाकणही काढलं. इंजिन सुरूच.

"मामा, झाकण कशाला?"

"देवाला इंजिनचं दर्शन नको व्हय? आणि देवाम्होरं बंद गाडी कशी हुबी करायची?"

त्यांनी गुलालाची चिमूट टाकली आणि "चांगभलं!" म्हणून ललकारी दिली. झालं! आजूबाजूच्या पन्नास माणसांनी ललकारी उचलली आणि मुठी उधळल्या. भक्तीत कोण मोजून उधळतं? मी चांगला पावशेर गुलाल नाकानं ओढला असेल. हंबीररावांनी तसंच झाकण लावलं, बॉनेट आपटलं, आणि आम्ही परत निघालो.

दुसऱ्या वळणावर मला खोकला आला. तिसऱ्या वळणावर मी बसले.

मागून अनेकांतची गाडी येऊन थांबली. अण्णाप्पा उतरले. भंगारवाल्याला बोलवायला त्यांनी खिशातून फोन काढला. हंबीरराव रस्त्यातच डोकं धरून बसले. "माझ्या हातानं केलं की हो ह्ये!" आणि त्याच वेळी त्रिशलाचा फोन वाजला.

कोडोलीच्या झुंबरबाई होत्या. रडत होत्या. त्यांची म्हैस सकाळपासून आडली होती. दावणीला ती एकच म्हैस आणि तिच्या दुधावरच त्यांचं घर चाललेलं. "डॉक्टरीणबाई, ती डोळं फिरवाय लागलीया. या की ओ लवकर!"

"अनेकांतच्या गाडीत बस," अण्णाप्पा म्हणाले. "चल, ऊठ."

"पाच मिनिटं द्या, आप्पा. पाचात सुरू झाली नाही तर येते, आणि ही तुमच्या भंगारवाल्याची."

अण्णाप्पांनी घड्याळाकडे बघितलं. त्रिशलानं फिल्टर काढून झटकला. गुलाबी ढग उठला. तिनं कार्बोरेटरचं वरचं झाकण खोललं, आतला पेट्रोलच्या धारेचा बारीक जेट काढला. गुलालानं गच्च! मग तिनं मागच्या सीटवरच्या औषधांच्या पेटीतून म्हशींना टोचायची मोठी सिरिंज काढली. सुई काढून टाकली, पेट्रोल भरलं आणि जेटमधून जोरात मारलं. एकदा, दोनदा. गुलाबी पेट्रोल रस्त्यावर सांडलं. तिसऱ्यांदा स्वच्छ धार आली.

"चार मिनिटं झाली," अनेकांत म्हणाला.

तिनं सगळं जोडलं, चोक ओढला, सेल्फ मारला. मी म्हटलं, आता नाही तर कधी नाही! मी एक जोरदार शिंक दिली, सायलेन्सरमधून गुलाबी फवारा उडवला आणि सुरू झाले. हंबीररावांनी रस्त्यातच उडी मारली.

मग मी जी पळाले, मित्रांनो! घाट उतरून कोडोलीत कधी शिरले मलाच कळलं नाही. झुंबरबाईंचा गोठा एका बोळाच्या टोकाला होता. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला शेणी थापलेल्या. अनेकांतची गाडी तोंडाशीच अडकली. ती रुंद, करणार काय? मी अंग चोरून आत शिरले आणि थेट गोठ्याच्या दारात, औषधांसकट. शेणाचा एक डाग माझ्या दारावर अजून आहे. तो मी पुसू देत नाही.

त्रिशलानं कोपरापर्यंत हात धुतले आणि आत गेली. रेडकाची मान मागं वळली होती. अण्णाप्पा बोळातून चालत आले आणि, पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता, गरम पाण्याच्या बादल्या पुरवू लागले. अर्धा तास गेला. मग झुंबरबाईंचा आवाज अख्ख्या गल्लीनं ऐकला.

"रेडी झाली! जित्ती हाय! दोघी बी जित्त्या हायती!"

त्यांनी आधी त्रिशलाला मिठी मारली, मग बाहेर येऊन माझ्या बॉनेटला हळदीकुंकू लावलं. "तू आलीस म्हणून ग बाई," असं मला म्हणाल्या. मला! निघताना त्यांनी गुळाची भेली दिली. अण्णाप्पा ती घेऊन बोळात उभे राहिले. समोर लेकाची थंडगार गाडी होती. ते वळले, माझं दार उघडलं आणि भेली मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. किती वर्षांनी माझ्यात गुळाचा वास भरला!

"आप्पा," त्रिशला म्हणाली. ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हे. "आज ती रस्त्यात बसली होती. अट मोडली."

अण्णाप्पांनी समोर बघत म्हटलं, "बसली न्हाई ती. गुलाल खाऊन शिंकली. चल, गाडी काढ."

त्याला आता दोन वर्षं झाली. परवा, पावसाळ्याच्या तोंडावर, अण्णाप्पा हंबीररावांकडून डबाभर जळकं ऑइल घेऊन आले. त्यांनी पोतं अंथरलं आणि सत्तराव्या वर्षी, कण्हत कुथत, माझ्याखाली झोपले. येणारा जाणारा हसला, "अण्णा, पोटाला कोण बघणार हो?"

खालून आवाज आला, "गंज बघतोय की!"

ज्ञानूची आणि त्यांची कधी गाठ पडली नव्हती.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. घरातल्या जुन्या वस्तूला, मुक्या जनावराला, जुन्या माणसालाही, वरवर पुसून चालत नाही. कधी तरी पोतं अंथरून खाली वाकून बघा. तुम्ही लावलेला हात चाळीस वर्षांनी कुणाच्या तरी उपयोगी पडेल. असो, पुरे झालं माझं. सात वाजले, पेटी चढली, कोडोलीत कुणाची तरी गाय वाट बघतेय. सरका बाजूला.