एकच हाक

इमेल्डा बुडाली त्या दुपारी तिने हाक मारली होती. एकदाच. ती मी ऐकली आणि जागची हलले नाही. हे मी पुढे सांगितलं, पण तुकड्या-तुकड्यांनी, ज्याला जेवढं लागेल तेवढंच. घडलं त्या क्रमाने आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आमच्या गावचं तळं धामापूरएवढं नाही, पण खोल आहे. काठावर देवीचं देऊळ आणि देवळासमोरून पाण्यात उतरणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्या. चौसष्ट साली पंचायतीने पलीकडची सपाट जागा साफ करून मुक्कामाचं मैदान केलं. पलटणीतून मोडीत काढलेल्या पाच राहुट्या, एक विहीर, चुलींसाठी चिरे आणि रस्त्यावर एक पाटी. शाळांच्या सहली येत, बालवीरांची पथकं येत. येणाऱ्यांची व्यवस्था बघायला कुणीतरी हवं होतं. पगार काही नाही.

सरपंच भिकाजी आमच्या पडवीत येऊन बसले. "वैनीनू, तुमी शिकलेली माणसां. इल्या-गेल्याक दोन शब्द नीट सांगशाल. आणि घर तर मैदानाक लागान."

मी लगेच हो म्हटलं. आनंदी तेव्हा दहा महिन्यांची होती. हे कट्टा गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला जात ते संध्याकाळी येत. दिवसभर मी तिच्या श्वासाकडे कान लावून बसलेली असे. झोपली तर का झोपली, उठली तर का उठली. मैदानामुळे काळजी करायला मला हक्काची जागा मिळाली. आल्या-आल्या मी मंडळींना उभं करून सांगत असे. तिसऱ्या पायरीच्या खाली उतरायचं नाही. चुली विझवल्याशिवाय झोपायचं नाही. पायऱ्या देवीच्या आहेत, तेव्हा चपला वर काढून ठेवायच्या. देवळाचा राखणदार महादू माझ्याबरोबर फिरे आणि मागून हसे. "बाई, तुमी इतक्या भेवडयतास, लोकांक वाटात तळ्यात सुसर आसा."

डिसेंबरात इमेल्डा मालवणहून अकरा मुली घेऊन आली. एका शाळेत मास्तरीण होती, वय तेवीसच्या आसपास. दोन रात्रींचा मुक्काम. माझे नियम तिने कमरेवर हात ठेवून ऐकून घेतले.

"पाण्यात उतरूक नाय, झाडार चढूक नाय, आगीकडे जावक नाय. बाई, श्वास घेतलेलो चलात मां?"

मुली खिदळल्या. मीही हसले. संध्याकाळी ती चहाला आली, आनंदीला मांडीवर घेऊन बसली, आणि आनंदी, जी परक्याकडे जात नसे, तिच्या गळ्यातल्या क्रुसाशी खेळत राहिली. जाताना म्हणाली, "असा एक म्हाका मेळता तर बरा जाता." एवढंच. मी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुली जेवून राहुट्यांत आडव्या झाल्या होत्या. मी पडवीत आनंदीला पाजत होते. महादू खांबाला टेकून विडी ओढत होता. मैदानावर इतकी शांतता होती की मी मनातल्या मनात मुली मोजल्या. अकरा. मास्तरणीला मोजायचं माझ्या मनातही आलं नाही.

"ओ बाईऽ!"

तळ्याकडून. उंच, आणि मध्येच तुटल्यासारखी.

मी उठले. आनंदीच्या तोंडचं दूध सुटलं, ती रडायला लागली.

"बस गो!" महादू म्हणाला. एरवी तो मला 'तुमी' म्हणे. "ओ देव नको. एकच हाक इली."

आमच्याकडे हे बोलायला शिकण्याबरोबर शिकवतात. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला पाण्याकडून, रानातून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा मारील, तिसऱ्यांदाही मारील. दुसरं जे काही असतं त्याला एकदाच मारता येते. त्याला ओ दिली की ते मागोमाग घरात येतं, आणि घरात तान्हं असेल तर ओ देणाऱ्या बाईला सोडून तान्ह्याला धरतं. माझ्या आईने सांगितलं होतं, तिच्या आईने तिला सांगितलं होतं. मी बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं. उत्तरपत्रिकेत असल्या समजुतींची मी चिरफाड केली असती.

"वेळ बघ," महादू हळू आवाजात म्हणाला. "बारा वाजले. पोर पदरात आसा तुझ्या."

मी बसले. आनंदीला पदराखाली ओढून घेतलं, तिच्या कानावर तळवा ठेवला आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. दुसरी आली असती तर मी धावले असते. हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं आहे आणि ते खरंही आहे. दुसरी आली नाही. महादूची विडी संपली. त्याने ती जमिनीवर विझवली, देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि म्हणाला, "गेला."

पाऊण तासाने एक मुलगी पडवीशी आली. "बाई, आमची टीचर खंय आसा?"

चार वाजता गावातल्या पोहणाऱ्या गणपतने तिला वर काढलं. पायऱ्यांपासून चार हातांवर होती. चपला वरच्या पायरीवर, जोडीने ठेवलेल्या.

दिवे लागायच्या सुमाराला फौजदार आले. तोवर हेही शाळेतून परतले होते आणि मैदानावर सगळा गाव जमला होता. इमेल्डाच्या पिशवीत एक पत्र सापडलं. ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं त्या बोटीवरच्या माणसाने महिन्यापूर्वी ते मोडल्याचं कळवलं होतं. एक मुलगी हुंदके देत म्हणाली, टीचर रात्री रडत होती. फौजदारांनी चपलांकडे पाहिलं. "घसरून पडणाऱ्याच्या चपला अशा राहत नाहीत."

"चपला काढायला मीच सांगितलं होतं," मी म्हटलं. "इथला नियम आहे तो."

"बरं. पण बुडणारा माणूस ओरडतो. हाक-बीक ऐकली कुणी?"

"नाय, सायबानू," महादू म्हणाला.

"बाई, तुम्ही?"

ह्यांचा हात आनंदीच्या डोक्यावर होता. सगळे माझ्याकडे बघत होते, मुलीसुद्धा.

"नाही," मी म्हटलं. अगदी स्वच्छ, कचेरीतल्या मराठीत. पंचनाम्यावर सही केली आणि सवयीने नावापुढे बी.ए. लिहिलं.

रात्री मी ह्यांना खरं सांगितलं. त्यांनी कंदिलाची वात कमी केली. मग म्हणाले, "आता बोलून ती परत येणार नाही."

सकाळी इमेल्डाचा भाऊ कुस्तोदियो सायकलवरून आला. मालवणात सुतारकाम करतो. शर्टावर काल रात्री बहिणीला घेऊन गेला तेव्हाचा चिखल तसाच होता. पडवीत चढला नाही, अंगणातच उभा राहिला.

"बाईनू, आमचो पाद्री वायट माणूस न्हय. पण चिठी गावली, चपलो तशो गावल्यो. तो म्हणता, जीव दिलेल्याक सिमितेरात जागो नाय. वईच्या भायर पुरूचा लागतला." सिमितेर म्हणजे त्यांची दफनभूमी, वई म्हणजे तिचं कुंपण. "कोणेकान जरी सांगल्यान की तिणे हाक मारल्यान, तर आत जागो गावतलो. चार वाजता पुरूचा आसा. मांय सकाळधरून इतक्याच इचारता. इमेल्डान हाक मारल्यान काय?"

दारात माझ्या मागे हे उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"तळ्यापासून घर लांब पडतं," मी म्हटलं. "काही ऐकू आलं नाही."

घर लांब पडत नाही, हे त्याला अंगणात उभ्या-उभ्या दिसत होतं. त्याने पाणी मागितलं. मी पेला पुढे केला तर म्हणाला, "नको, वंजळीत घाला." ओंजळीने प्यायला, आमच्या भांड्याला आपला हात लागू नये म्हणून, आणि तोंड पुसून सायकलवर बसला.

तो गेल्यावर मी आनंदीचं दुपटं पिशवीत भरायला घेतलं.

"काय सांगणार आहेस तिथे जाऊन?" ह्यांनी विचारलं. "की हाक ऐकली आणि भुताला भिऊन बसून राहिले? गेल्या महिन्यात मी कट्ट्याला भोळ्या समजुतींवर व्याख्यान दिलंय. मास्तरच्या बायकोची गोष्ट तालुकाभर होईल. आणि खोटी जबानी दिली म्हणून फौजदार दारात येईल तो वेगळाच."

"येऊ दे."

"मूल आहे आपल्याला, कळतंय का?"

मला तेवढंच कळत होतं. कालपासून तेवढंच कळत होतं.

"निदान आनंदीला तरी ठेवून जा."

जिच्यासाठी मी बसून राहिले होते तिला घरी ठेवून एकटीने तिथे कसं उभं राहायचं? मी तिला काखेत घेतली आणि निघाले. मैदानाच्या तोंडाशी महादू उभा होता. डोळे सुजलेले.

"बाई, माझा नाव घेव नको."

"नाही घेणार."

"तुका वाटात मी मुद्दाम—"

"नाही रे."

कट्ट्यापर्यंत चालत गेले. मालवणची एष्टी साडेबाराला मिळाली. वाटेत दोनदा आनंदीला पाजलं. भूक नव्हती तिला, तरी पाजलं. वाक्य जुळवून ठेवायचा प्रयत्न करत होते. 'मी एक हाक ऐकली होती', 'मला हाक ऐकू आली असावी'. असावी म्हटलं तर पाद्रींना पुरेल का? पुरलं तर मला सुटता येईल का? मालवण येईपर्यंत मी असावीवर अडून बसले होते.

घर माणसांनी भरलेलं होतं. आत बायका प्रार्थना म्हणत होत्या. पाद्री ओसरीत खुर्चीवर बसले होते, थकलेले, म्हातारे. मी कुंकू लावलेली बाई काखेत मूल घेऊन समोर आले तसे उठून उभे राहिले.

"तिने हाक मारली होती," मी म्हटलं. असावी तोंडात आलंच नाही. "बारा वाजता. 'ओ बाई' म्हणून. मी ऐकली. काल आणि आज सकाळीही मी खोटं सांगितलं."

"खात्री आहे तुमची? देवासमोर सांगाल?"

"सांगेन. लिहून देते."

मी कागदावर लिहून दिलं. या वेळी नुसतं नाव. पाद्रींनी दोनदा वाचलं, डोळे मिटले. "मदतीसाठी हाक मारणाऱ्याला जगायचं असतं," ते कुस्तोदियोला म्हणाले. "आतली जागा खणायला सांग." मग माझ्याकडे वळले. "पण बाई, मग तुम्ही..." आणि तिथेच थांबले. विचारलं नाही त्यांनी. ते चांगले होते.

आतली प्रार्थना थांबली होती. काळ्या साडीतली एक बुटकी बाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. इमेल्डाचंच कपाळ, इमेल्डाचेच डोळे.

"हाक मारल्यान?" तिने विचारलं.

"हो."

तिने छातीवर क्रूस केला. चेहरा क्षणभर सैल पडला, जणू कुणी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवून घेतलं. मग तो पुन्हा आवळला.

"मगे गेलंस कित्याक नाय?"

"एकच हाक आली," मी म्हटलं. "दुसरी येईल म्हणून थांबले."

तिला समजलं नाही. तिने मुलाकडे पाहिलं. कुस्तोदियोने खाली मान घालून तिला हळूहळू समजावलं, हिंदू लोकांत एका हाकेला ओ देत नाहीत ते, दुपारच्या वेळेचं, तान्ह्या पोराचं. सांगताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, जणू चूक त्याची होती. ती ऐकत होती आणि आनंदीकडे बघत होती. आनंदी तिच्या गळ्यातल्या क्रुसाकडे हात करायला लागली. मी तो हात धरून ठेवला.

"तोंडात पाणी भरल्यार," ती म्हातारी अगदी साधेपणाने म्हणाली, खरोखरच माहिती हवी असल्यासारखी, "दुसरी हाक खंयसून मारतली ती?"

आत पुन्हा प्रार्थना सुरू झाली.

मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण पेटी उचलली तेव्हा माझे पाय माणसांबरोबर चालायला लागले. सिमितेर समुद्राकडच्या बाजूला आहे, वाळूमिश्रित जमीन, चिऱ्यांचे ठेंगणे क्रूस. वईबाहेर सकाळी खणायला घेतलेला अर्धा खड्डा तसाच पडला होता. आत, तिच्या बापाच्या शेजारी, नवा खणला होता. पाद्री लॅटिनमधून काही म्हणाले. दोरांवरून पेटी खाली गेली. मग एकेक माणूस वाकून मूठभर माती टाकू लागला, शाळेतल्या मुलीसुद्धा, त्या अकराजणी, ओळीने.

त्यांच्यामागे मी वाकले. आनंदी काखेत होती, तीही माझ्याबरोबर खाली झुकली आणि तिनेही ढिगाऱ्यात हात घातला.

"तू नको, गो," इमेल्डाची आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "पोराक घेवन घराक जा. तेका ऊन लागता."

मी मूठ उघडली. माती जिथून घेतली तिथेच सोडली आणि बाजूला झाले. मागच्या बाईने माझी जागा घेतली. फाटकाशी आल्यावर माझ्या लक्षात आलं, आनंदीची मूठ अजून मिटलेली होती आणि ती मूठ तोंडाकडे नेत होती. मी तिची बोटं एकेक करून उघडली.