दोन उजव्या बाह्या

रूपकंवर सेठाणींनी ब्लाउज काउंटरवर आपटला आणि त्याच्या दोन्ही बाह्या ओढून पसरल्या.

"डोया उघाडीसन देख, अमिना. दोन्ही उजव्या शेतस! परो मन्ही पोर जिनलनं लगीन, आनि तुन्हा घरवाला झोपमा कापस का?"

अमिनाने हुकांचं काम बाजूला ठेवलं. बाह्या खरंच एकाच हाताच्या होत्या. जरीच्या कापडाला सुलटी-उलटी बाजू असते, दुसरी बाही कापताना पहिली पालथी ठेवायची, हे तिच्या नवऱ्याने, दाऊदने तीस वर्षं डोळे मिटून केलं होतं.

दाऊद टेबलाशी उभा होता. गळ्यात टेप, हातात कात्री, चेहरा शांत.

"बराबरच कापेल शे," तो म्हणाला.

"एवढा धडधाकट माणूस," सेठाणी अमिनाकडे वळल्या. "हात चालस, पाय चालस. त्या जाकीरसारखा थोडाच शे!"

जाकीर दुकानाबाहेर, उघड्या दारासमोर स्टुलावर बसला होता. दाऊदचा थोरला भाऊ. हे दुकान त्यानेच उभं केलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूतली मोठी रक्तवाहिनी बंद झाली, उजवा हात लोंबू लागला आणि वाचा गेली. त्याला बघायला अख्खी गल्ली लोटली होती. सहा महिन्यांनी दाऊदला झटका आला तो छोटा. नंदुरबारच्या डॉक्टरांनी मेंदूच्या फोटोत मुगाच्या दाण्याएवढा ठिपका दाखवला. जागा खोल आहे, आधी काय आणि मग काय हे जुळवणं वर्षानुवर्षं जड जाईल, असं ते सांगत होते. पण 'छोटा झटका' म्हटल्यावर पुढचं ऐकतो कोण! पंधरा दिवसांत दाऊद मशीनवर बसला. वाकडं तोंड लोकांना लांबून दिसतं. आतला विस्कटलेला क्रम दिसत नाही, मग त्या माणसाला बेफिकीर म्हणायचं आणि मोकळं व्हायचं!

"त्यास्लेबी लकवाच व्हयेल शे, सेठाणी," अमिना म्हणाली.

"लकवा? मंग उभा कसा शे?"

अमिनाने ब्लाउज ओढून घेतला. हे वाक्य तिने स्वतः दाऊदला कितीदा ऐकवलं होतं.

तिने चुकलेली बाही उसवून दिली. कापड एकाच बाहीपुरतं उरलं होतं. हे चुकलं की सेठाणी गावभर बोलणार आणि दाऊदच्या हाती पुन्हा कुणी कापड देणार नाही. दाऊदने तुकडा पसरला, त्यावर बाही ठेवली, खडूने रेघ मारली. पालथी ठेवायची हे अमिना ऐकून होती, पण समोरची बरोबर की चूक, तिला कळेना. तिला हुक येत, हातशिलाई येई. कटिंग येत नव्हतं.

बाहेरून जाकीर "अंऽ! अंऽ!" करू लागला.

"बिचाराले पाणी दे," सेठाणी म्हणाल्या आणि बहिऱ्याशी बोलावं तशा ओरडल्या, "भूक लागनी का, जाकीरभाई? बिस्कूट खाशी का?"

जाकीर उठला. भिंत धरत, पाय ओढत आत आला. कात्री कापडाला लागणार तोच त्याने डाव्या हाताने ती दाबून धरली.

"अवं, आवर त्याले! कापड बिघाडी टाकी! त्याले काय समजस?"

"त्यास्ले समजस!" अमिना कडाडली. "वाचा गयी त्यास्नी, डोकं नहीं! दोन वरीसमा तुम्हीन एकदा तरी त्यास्ले काही इचारं का?"

जाकीरने बाही उचलली, पालथी केली आणि कापडावर ठेवली. मग खडू दाऊदच्या बोटांत दिला. दाऊद बराच वेळ त्या बाहीकडे बघत राहिला. त्याने नवी रेघ मारली, कापली. बाही डावी निघाली.

"संध्याकायले जिनलले धाडसू," सेठाणी म्हणाल्या. जाताना अडखळल्या आणि साध्या आवाजात बोलल्या, "हुई जाई ना, जाकीरभाई?"

जाकीरने मान हलवली.

त्या गेल्या तरी अमिना धुमसतच होती. ज्याचं दुकान, त्यालाच दोन वर्षं उन्हात बसवायचं आणि वर लहान मुलासारखं चुचकारायचं! कुणाला लाज कशी वाटत नाही?

जाकीर भिंत धरून दाराकडे निघाला, आपल्या स्टुलाकडे. अमिना त्याच्या आधी बाहेर गेली आणि स्टुलापाशी थांबली. जाकीरची लाळ गळते, गिऱ्हाइकांना बरं वाटत नाही, म्हणून ते स्टूल तिथे तिनेच ठेवलं होतं.

तिने ते उचलून आत आणलं, कटिंग टेबलाला लावलं.

"भाईजान, इधर बैठो."

जाकीरने आधी डाव्या हाताने तोंड नीट पुसलं. मग बसला.