आर्विडची विचारपूस

हृदय कधी खोटं बोलत नाही. अमेरिकेतल्या आमच्या मिनेसोटात मात्र डॉक्टरशी बोलतो तो हृदयाचा मालक, आणि तो छातीवर झाड पडलं तरी "ठीकच आहे" म्हणतो.

हृदयाचे डॉक्टर हॉल्वर्सन आमच्याच गावचे. दुपारच्या विचारपुशीत पेशंट "ठीकच आहे" म्हणाला की ते त्याच्या बायकोकडे बघायचे, आणि तिनं मान खाली घातली की लगेच तपासण्या लिहायचे. यंदा हॉस्पिटलनं एआय आणली. तीच फोनवरून विचारपूस करते आणि कुणाला आधी बोलवायचं ते ठरवते.

जानेवारीत तिनं गावातल्या आर्विडला फोन करून विचारलं, "छातीत दुखतं का?"

"चालायचंच. जास्त आजारी असतील त्यांना घ्या आधी."

"अहो, खरं सांगा ना तिला!" शेजारी बसलेली बायको इन्गा कुजबुजली.

"अगं, बिचारीला कशाला उगाच घोर?"

एआयनं आभार मानून त्याला उन्हाळ्यातली वेळ दिली. त्याच महिन्यात आर्विड दारातला बर्फ उपसताना छातीत कळ येऊन गेला.

चर्चमध्ये इन्गा डॉक्टरांना म्हणाली, "तुम्ही माझ्याकडे बघितलं असतंत."

डॉक्टर अंत्यविधीला शेवटपर्यंत थांबले. हल्ली त्यांची दुपार मोकळी असते.