चेनपाशी काढलेल्या चपला

आम्ही कापडाचे अवाढव्य प्राणी शिवतो आणि पंख्याच्या हवेने फुगवतो. या कामात नियम एकच, आणि तो नवऱ्याने घातलेला. फुगवलेल्या प्राण्याच्या पोटात जो शिरेल, त्याने चपला बाहेर, आत शिरायच्या चेनपाशी काढून ठेवायच्या. चपला दिसताहेत तोवर पंख्याला कुणी हात लावायचा नाही.

बागेतल्या प्रदर्शनासाठी आम्ही ऑक्टोपस केला होता. दुमजली, केशरी, एक डोळा मिचकावणारा. तीन महिने शिवून माझी कंबर कामातून गेली होती. उद्घाटनाला तासभर उरला आणि त्याचा एक पाय लुळा पडला. आतली दोरी ताणायला नवरा आत शिरला आणि हवा जाऊ नये म्हणून त्याने आतून चेन लावून घेतली. बाहेर त्याच्या त्या चपला, एकीचा अंगठा तारेने बांधलेला. फोटोवाले येऊ लागले होते. इतकं मरमर मरायचं आणि फोटोत हे ध्यान? मी उचलल्या आणि शिवणाच्या पेटीत कोंबल्या. नियम आठवला नाही असं नाही. म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम.

तेवढ्यात वारा सुटला. ऑक्टोपस दोरांना हिसके देऊ लागला. प्रदर्शन भरवणाऱ्या बाई ओरडल्या, "बंद करा! उतरवा तो!" मी पलीकडच्या दोराला लोंबकळत होते. पंख्याशी धाकटा दीर होता. पंख्याची घरघर थांबली.

"चालू कर! दादा आत आहे तुझा!" वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू येईना. ऑक्टोपसचं डोकं बसलं, मिचकावणारा डोळा गवताला टेकला. रबर चढवलेलं कापड तोंडाला चिकटलं की श्वास घेऊ देत नाही. ते मीच पसंत केलं होतं.

पुन्हा फुगायला फार वेळ लागला असता. पळत जाऊन पेटी उपडी केली. आधी चपला पडल्या, मग कात्री. लुळा पाय कुठला? आता आठही लुळे, आणि मला ओळखता येईना. मी शिवलेले! एका घडीत काहीतरी हललं. कापडाखाली त्याचा चेहरा असला तर? चिमटीने कापड उचललं, कात्री खुपसली आणि टराटरा फाडत गेले. आधी हात आला. मग तोंड, निळसर, वासलेलं. कितीतरी वेळ ते नुसतंच उघडं होतं. मग त्याने श्वास घेतला.

बोलता आल्याबरोबर तो भावावर उखडला. "डोळे फुटले होते का रे? चपला दिसल्या नाहीत?"

"नव्हत्या रे दादा. दोनदा बघितलं मी." दीर लहान मुलासारखा रडत होता.

चपला पेटीजवळ पडल्या होत्या. पायाने हळूच चेनपाशी सरकवल्या असत्या, तर कुणाला कळलंही नसतं. खोटं कशाला बोलू, पाय पुढे झालाही होता. पण दीर स्वतःच्या थोबाडीत मारून घेऊ लागला, ते मला बघवेना.

चपला उचलून नवऱ्यापुढे ठेवल्या. "मी काढल्या होत्या. फोटोत वाईट दिसत होत्या."

तो चपला ओलांडून गेला. घरी अनवाणीच आला.