टॉनिक प्यायलेल्या तीन ओळी

टॉनिकच्या बाटलीवर खरबुजाचं चित्र होतं आणि त्या खरबुजाला लाल ओठ काढले होते. आईंना बाटली आवडली नाही ती तिथपासूनच.

"फळाला ओठ कशाला लागतात?"

"जाहिरात आहे हो ती," सून म्हणाली. "आत मळी आहे, समुद्रातलं शेवाळ आहे, अजून काहीबाही आहे. मुळाशी सोडायचं. फळातली साखर वाढते म्हणतात."

"म्हणतात कोण? विकणाराच ना?"

"विकणाराच."

"मग झालं तर!"

घरचे काय अन् कामावरच्या बायका काय, सगळे त्यांना आईच म्हणत. शाळेत त्या जेमतेम दोन वर्षं गेल्या होत्या. आकडे वाचता येत, आणि माणसं त्याहून बरी वाचता येतात, असा त्यांचा स्वतःबद्दल समज होता. सून शिकलेली आणि प्रत्येक गोष्टीला फूटपट्टी लावणारी, म्हणून आईंनी तिचं नाव मोजणीबाई ठेवलं होतं. ते तिच्या तोंडावरच म्हणायच्या, पाठीमागे बोलायची त्यांना सवय नव्हती.

बाटली घरात यायला कारण झालं ते दुकानवाल्याचं. शहरातल्या फळांच्या दुकानांसाठी तो दरवर्षी यांच्याकडचाच माल उचलायचा, कारण सहा वर्षांत मोठ्या शेडच्या प्लास्टिकच्या छपराखाली रासायनिक खताचा दाणा पडलेला नव्हता आणि तसं प्रमाणपत्र यांच्याकडे होतं. यंदा तो साखर मोजायची नळी घेऊन आला. पहिल्या तोड्यातलं खरबूज चिरलं, काचेवर रसाचा थेंब टाकला, उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाला, "दहा. बारा पाहिजे. सेंद्रिय आहे ते ठीक, पण खाणाऱ्याला फिकं लागतं. महिन्यानं येतो. तेव्हाही दहाच असेल, तर आपलं इथंच संपलं."

फिकं! चाळीस वर्षांत आईंच्या फळाला कोणी हा शब्द लावला नव्हता. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि का जेवल्या नाहीत असं विचारायची छाती कोणाची झाली नाही.

सुनेनं सरळ मार्ग धरला. मागची छोटी शेड प्रमाणपत्रात नव्हती, तिथं सहा ओळी होत्या. एक ते तीन साध्या ठेवायच्या, चार ते सहाला टॉनिक द्यायचं, दहा दिवसांनी साखर बघायची. बाकी सगळं सारखं. पाणी आईंकडे होतं, ते कायमच असे. रोज सकाळी सहाला त्या प्रत्येक ओळीचा ठिबकचा कॉक स्वतः उघडत आणि माती काळीभोर झाल्याशिवाय बंद करत नसत. पोराला लहानपणी जेवू घातलं तेही असंच, त्यामुळे तो आजही दारातून जरा तिरकाच आत येतो.

दहा दिवसांनी सून शेडमधून जवळजवळ पळतच आली.

"साध्या ओळी दहा. टॉनिकवाल्या साडेबारा! तीनही ओळी, प्रत्येकीची चार-चार फळं बघितली."

"मग लावा मोठ्या शेडला," मुलगा म्हणाला.

"कंपनी आत काय काय आहे ते पूर्ण सांगत नाही. प्रमाणपत्रवाले म्हणतात, यादीशिवाय परवानगी नाही. तपासणीत सापडलं तर कागद गेला, आणि परत मिळवायचा तर तीन वर्षं."

"कोण बघतंय? नैसर्गिकच आहे ना?"

"विंचूही नैसर्गिकच असतो," सून म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता. जेवण होईपर्यंत तिनंही मान हलवली. दुकानवालाच गेला तर कागद चाटायचा का? उद्या सकाळी मोठ्या टाकीत टॉनिक ओतायचं ठरलं.

आई ताट सरकवून उठल्या. घरच्यांना वाटलं, हरल्या म्हणून उठल्या.

त्या छोट्या शेडमध्ये गेल्या. चार ते सहा ओळींची पानं दुपारच्या उन्हात जरा मलूल दिसत होती. त्यांनी मातीत बोट घातलं. वर कोरडी, खाली जेमतेम ओल. एक फळ फोडून खाल्लं. गोड होतं, चांगलं गोड. मग दोन नंबरच्या ओळीतलं खाल्लं. रस हनुवटीवरून ओघळला, पण चव पाण्याची.

खरी गोष्ट त्यांना एकट्यांनाच ठाऊक होती. ज्या दिवशी टॉनिक सोडलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या तीन ओळींचे कॉक उघडलेच नव्हते. बाटलीतलं पिता ना, मग बाटलीतलंच प्या, माझं पाणी कशाला? नुसता राग. झाडं मरणार नाहीत एवढं त्यांना कळत होतं, आणि सुनेचा प्रयोग जरा सुकला तर त्यांना वाईट वाटणार नव्हतं.

आता सांगावं, तर खोडी उघडी पडत होती. पण खोडीचं त्यांना फार नव्हतं. साधी ओळ फिकी होती ती त्यांच्याच हातच्या पाण्यानं, आणि मोठी शेडही. हे मात्र घशाखाली उतरेना.

सकाळी सून बाटल्या घेऊन टाकीच्या शिडीपाशी पोचली, तर आई शिडीच्या पायरीवर बसलेल्या.

"सरका आई."

"नाही सरकत. त्या तीन ओळींना मी पाणी दिलं नव्हतं."

"कधी?"

"टॉनिक सोडल्यापासून. एक दिवसही नाही."

सुनेनं बाटल्या खाली ठेवल्या. "मुद्दाम?"

"मग काय विसरून? मी पाणी विसरेन?"

"आई, अहो, मी कागद घालवणार होते!"

"म्हणून तर बसलेय इथं. गोडी बाटलीनं नाही आली. तहानेनं आली. आणि मी... मी मोठ्या शेडला फार पाजते. आता ओरडायचं असेल तर ओरडून घे, एकदाच."

सून ओरडली नाही. खाली बसून तिनं विचारलं, "पानं कधीपासून मलूल दिसली? पाचव्या दिवसापासून की सहाव्या?"

"काय बाई आहेस तू!" आई म्हणाल्या.

तरी सुनेचं समाधान व्हायचं होतं. तिनं छोट्या शेडच्या उरलेल्या वेलींवर पुन्हा मांडणी केली. या वेळी सगळ्यांचंच पाणी कमी, टॉनिक फक्त निम्म्यांना. टॉनिकवाल्या बारा, बिनटॉनिकच्याही बारा, इकडे तिकडे पाव. मोठ्या शेडचं पाणी तोडणीच्या आधी दहा दिवस निम्म्याहून खाली आणलं. ते दहा दिवस आईंना फार जड गेले. मान टाकलेली पानं बघवत नव्हती, म्हणून त्या शेडकडे पाठ करून बसायच्या.

दुकानवाल्यानं आठ फळं चिरली. सहा बाराच्या वर होती, दोन साडेअकरा. त्यानं पुन्हा एकदा नळीत बघितलं आणि माल भरायला सांगितलं.

"काय घातलंत हो एवढं?" त्यानं विचारलं.

सुनेनं आईंकडे बघितलं. मुलानं तोंड उघडलं होतं, त्याला आईंनी हातानं गप्प केलं.

"घातलं काही नाही," त्या म्हणाल्या. "पाणी जास्त होत होतं. देणारी मी. हिनं मोजलं नसतं तर पुढची चाळीस वर्षंही तसंच देत बसले असते. आता पेट्या उचला, ऊन चढतंय."