दोन आखूड, एक लांब

मित्रांनो, मी ध्वनिमुद्रण यंत्र. आता जुना झालोय, पण एके काळी माणसांचं बोलणं माझ्या फितीवर उतरत असे. १९५६ साली भाषेचे अभ्यासक मोहनराव मला एस.टी.ने बारामतीजवळच्या पणदऱ्याला घेऊन गेले. उद्या यंत्राला माणसाचं बोलणं ओळखायचं असेल, तर शब्दाचे उच्चारात तुकडे किती पडतात, ते आखूड की लांब, हेही त्याला शिकवावं लागेल, असं ते म्हणत. लोक हसत.

तिथे आम्ही ज्या घरी उतरलो, त्या घरची म्हातारी ठमाबाई अंथरुणाला खिळली होती. लकव्याने जीभ जड झालेली. दिवसभर त्या एकच काही सांगत, पण ऐकू येई ते नुसतं "हुं-हुं-हूं... हूं-हूं."

"पानी दे म्हनतीया," मुलगा सावळाराम म्हणे आणि तांब्या तोंडाला लावी. म्हातारी मान फिरवी.

मोहनरावांनी तो आवाज माझ्यावर उतरवला. फीत सावकाश, पुन्हा पुन्हा फिरवून त्यांनी बोटाने ताल धरला. "'पाणी दे'चे तिन्ही तुकडे लांब आहेत. यांचे दोन आखूड, एक लांब. मग थांबून आणखी दोन लांब."

शेजारच्या तानूबाईंनी तोच ताल मांडीवर धरून पाहिला. हळूच म्हणाल्या, "'रतनला आना' म्हनतीया."

रतन ही ठमाबाईंची थोरली मुलगी. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि भिगवणला गेली. तेव्हापासून सावळारामाने तिचं नाव घरात बंद केलं होतं.

"आमच्यात कुणी रतन न्हाय," तो म्हणाला.

ठमाबाईंच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोहनराव भिगवणला गेले. रतनला घेऊन परतले, तेव्हा दारात माणसं जमली होती. म्हातारी सकाळीच गेली होती.

रतन माझ्यापुढे बसली. मी तिला आईचा आवाज ऐकवला. तिने तो तीनदा ऐकला.

सावळाराम खाली बघत म्हणाला, "मला पैल्या दिवशीच कळलं हुतं, आक्का."

रतनने त्याच्याकडे पाहिलं नाही.

मित्रांनो, पुढे तुम्ही माझ्याहून हुशार यंत्रं कराल. ती बोलण्याचा तुकडा न् तुकडा ओळखतील. पण कळूनही न कळल्यासारखं करणाऱ्या माणसापुढे ती काय करणार? तुमच्या घरात कुणी अडखळत बोलत असेल, तर ते माणूस असेतोवर ऐका. मागे राहिलेला आवाज मी ऐकवू शकतो. त्याला उत्तर पोचवणं माझ्या हातात नाही.